सभागृहाने कोर्टाची विचारपूस करावी

नंदुरबार शहरातल्या कोरीट नाक्यावर सकाळी उतरणारी माणसे ढोबळमानाने दोन कामांसाठी आलेली असतात: बाजाराच्या किंवा कचेरीच्या. बाजाराला आलेल्याच्या हातात पिशवी, कोर्टाला आलेल्याच्या हातात कागदांची फाइल. मिरची किंवा कापूस विकायला आलेला माणूस संध्याकाळी चार पैसे घेऊन परततो. तारखेला आलेला बहुतेक वेळा पुढची तारीख घेऊन परततो. त्याचा रोज बुडालेला असतो, बसभाडे गेलेले असते, वकिलाच्या कारकुनाला चहा पाजून झालेला असतो. या दुसऱ्या माणसाचा दिवस राज्याच्या कुठल्या हिशेबात धरला जातो काय, आणि धरला जावा म्हणून आपण निवडून दिलेले सभागृह काय करते, हा पुढील पानांचा विषय आहे.

विषयाचे नाव भारदस्त आहे: राज्याच्या न्यायव्यवस्थेच्या गरजांचा विधिमंडळाने करायचा अभ्यास आणि त्यांवरची देखरेख. सोप्या भाषेत सांगायचे तर कोर्टाला न्यायाधीश किती लागतात, लघुलेखक किती, बेलिफ किती, खोल्या किती, दुभाषी कोण आणि या सगळ्याला पैसा किती, हे कोण मोजतो. आणि मोजल्याप्रमाणे मिळाले की नाही हे कोण विचारतो. आज उच्च न्यायालय गरज कळवते, विधि व न्याय विभाग तिला कात्री लावतो, वित्त विभाग पुन्हा एकदा लावतो आणि उरलेल्यातून सार्वजनिक बांधकाम विभाग इमारत बांधतो. विधानसभा आणि विधान परिषद या रांगेत सर्वांत शेवटी उभ्या असतात, हात वर करून ‘मंजूर’ म्हणण्यापुरत्या. त्यांनी रांगेत पुढे यायला हवे, आणि यायचा अधिकार त्यांना आजही आहे, असे माझे म्हणणे आहे.

हा अधिकार बहुतेक आमदारांना मान्य नसतो. ‘कोर्टाचा विषय आहे, सभागृहात बोलता येत नाही,’ हे वाक्य विधानभवनाच्या आवारात हमखास ऐकू येते. त्यामागे संविधानाचा अनुच्छेद २११ आहे. सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी आपले कर्तव्य बजावताना केलेल्या वर्तनावर राज्याच्या विधिमंडळात चर्चा करता येणार नाही, एवढेच तो अनुच्छेद सांगतो. तालुक्याच्या कोर्टात साक्ष टंकून घ्यायला माणूस नाही, असे म्हटल्याने कोणाही न्यायमूर्तींच्या वर्तनाची चर्चा होत नाही. पण १९६४ साली केशव सिंग प्रकरणात उत्तर प्रदेशची विधानसभा आणि अलाहाबाद उच्च न्यायालय यांची जी जुंपली, तेव्हापासून देशभरची सभागृहे न्यायालयाचे नाव निघाले की जरा सावरून बसतात. सावरून बसणे ठीक. गप्प बसण्याचे कारण मात्र त्यात नाही.

संविधानाने राज्याच्या हाती काय ठेवले आहे ते पाहा. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ‘न्यायदान’ आणि कनिष्ठ न्यायालयांची रचना हे विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेले. म्हणजे केंद्र त्यात आले, पण राज्य बाहेर पडले नाही. कोर्ट फी आजही निव्वळ राज्याचा विषय आहे. पैशाची वाटणी तर फारच बोलकी आहे. उच्च न्यायालयाचा प्रशासकीय खर्च आणि न्यायमूर्तींचे वेतन राज्याच्या एकत्रित निधीवर ‘भारित’ असते. त्यावर सभागृहात बोलता येते, मतदान होत नाही. जिल्हा आणि तालुका न्यायालयांचा खर्च मात्र ‘दत्तमत’ असतो. कोरीट नाक्यावरच्या माणसाची गाठ ज्या कोर्टाशी पडते, नेमक्या त्याच कोर्टाच्या पैशावर त्याचा आमदार दरवर्षी मत देतो. कपात सूचना मांडण्याची वाट त्याला खुली आहे. ती वाट किती जण चालतात, हे अधिवेशनाचे कामकाज पाहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. मागण्यांवरच्या चर्चेची मुदत संपते, उरलेल्या मागण्या एकगठ्ठा मताला टाकल्या जातात, आणि त्या गठ्ठ्यात न्यायदान सापडले तरी कोणाची झोप उडत नाही.

महाराष्ट्राच्या विधिमंडळाला हे काम कधी जमलेच नाही, असे मात्र समजू नये. जमले होते, आणि चांगले जमले होते. इंग्रजांच्या अमदानीत, आणि स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे, मामलेदार आणि प्रांत हेच दंडाधिकारीही असत. जो सारा वसूल करी, तोच आरोपीला शिक्षा ठोठावी. न्यायशाखा कारभारापासून वेगळी करावी, ही काँग्रेसची जुनी मागणी. संविधानाच्या अनुच्छेद ५० मध्ये ती मार्गदर्शक तत्त्व म्हणून आली. मुंबई राज्याच्या विधिमंडळाने १९५१ चा अधिनियम २३ करून ती प्रत्यक्षात आणली. दंडाधिकाऱ्यांचे न्यायिक आणि कार्यकारी असे दोन वर्ग झाले, आणि खटले चालवणारे दंडाधिकारी उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली आले. देशाच्या फौजदारी प्रक्रियेत हीच रचना १९७३ च्या संहितेने आणली. म्हणजे मुंबईचे सभागृह दिल्लीच्या दोन दशके पुढे होते. कोर्टाला कोणती स्वायत्तता लागते आणि त्यासाठी किती न्यायाधीश जास्तीचे नेमावे लागतील, याचा विचार तेव्हाच्या आमदारांना परका वाटला नव्हता.

दुसरे उदाहरण याच जिल्ह्याच्या मातीतले आहे, आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. वेगळा जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडावा लागला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शहादे-तळोद्याच्या सुपीक पट्ट्यात आदिवासी नेते अंबरसिंग महाराजांनी आणि त्यांच्या मागोमाग श्रमिक संघटनेने एक साधा प्रश्न विचारला. सातबाऱ्यावर कालपर्यंत भिल्लाचे नाव होते, आज दुसऱ्याचे कसे? उसनवारी, गहाण, कोऱ्या कागदावरचा अंगठा, पडीक म्हणून दाखवलेली जमीन, असे हस्तांतराचे नाना प्रकार पुढे आले. त्यांतले बरेच व्यवहार कागदोपत्री कायदेशीर होते. दिवाणी कोर्टात जाऊन ते मोडून काढायचे, तर त्या माणसाला वकील हवा, कोर्ट फी हवी आणि दहा-पंधरा वर्षांचा दम हवा. त्याच्याकडे यांतले काहीच नव्हते.

विधिमंडळाने यावर दोन कायदे केले. एकाने जमीन महसूल संहितेत दुरुस्ती करून आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरावर कडक बंधने घातली. दुसरा, आदिवासींना जमिनी परत करण्याबाबतचा १९७४ चा अधिनियम, मागे वळून पाहणारा होता: १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासीकडे गेलेली जमीन, व्यवहार कायदेशीर असला तरीही, परत मिळवण्याची सोय त्याने केली. या विषयाच्या दृष्टीने खरी मेख पुढे आहे. हे दावे कोणी चालवायचे? विधिमंडळाने सांगितले, जिल्हाधिकाऱ्याने. दिवाणी न्यायालयाचा अधिकार काढून घेतला. पुढे तर त्या कामकाजात वकिलांना उभे राहण्यासही बंदी झाली. लिंगप्पा पोचन्ना यांच्या खटल्यात या सगळ्याला आव्हान दिले गेले. सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला आणि वकिलांवरची बंदीही.

१९५१ साली ज्या सभागृहाने न्यायदान महसूल अधिकाऱ्याच्या हातून काढले, त्याच परंपरेतल्या सभागृहाने १९७४ साली न्यायदानाचा एक मोठा तुकडा पुन्हा महसूल अधिकाऱ्याच्या हाती दिला. यात विसंगती शोधणारे शोधतात. मला त्यात एक कबुली दिसते. दिवाणी कोर्टाची गरज भागवण्याची आपली तयारी नाही, आणि गरीब माणसाला तोवर थांबता येणार नाही, हे सभागृहाने ओळखले आणि कोर्टाला वळसा घातला. वळसा तात्पुरता उपयोगी ठरला. पण जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीला त्यासाठी वेगळे शिरस्तेदार किती लागतील, जुने फेरफार शोधणारे तलाठी कुठून येतील, निकालानंतर ताबा कोण देईल, हे सभागृहाने मोजले नाही. निकाल कागदावर लागला आणि जमिनीवर नांगर दुसऱ्याचाच चालला, अशा कथा या भागात अजून ऐकायला मिळतात. कोर्ट टाळले म्हणून कोर्टाच्या गरजा टळत नाहीत. त्या दुसऱ्या दारातून आत येतात.

कायदा करताना त्याने कोर्टावर किती बोजा पडेल, हे आधी मोजावे, ही कल्पना आपल्याकडे आता नवी नाही. सेलम वकील संघाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली तसे सुचवले. त्यानंतर न्या. जगन्नाध राव यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या गटाने २००८ मध्ये अहवाल दिला: प्रत्येक विधेयकाच्या वित्तीय ज्ञापनात, त्या कायद्यामुळे न्यायालयात येणाऱ्या संभाव्य खटल्यांचा आणि त्यांच्या खर्चाचा अंदाज असावा. अहवाल बासनात गेला. बिहारच्या दारूबंदी कायद्याने पाटण्याच्या उच्च न्यायालयात जामीन अर्जांचे ढीग लागले, तेव्हा सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी २०२१ साली हाच मुद्दा जाहीरपणे काढला. आपल्याला बिहारकडे बोट दाखवायची गरज नाही. महाराष्ट्राचा दारूबंदी अधिनियम १९४९ चा आहे. एका बाजूला दारूबंदीचा गुजरात आणि दुसऱ्या बाजूला घरोघरी मोहाची फुले वाळत घालणारा सातपुडा, अशा सीमेवरच्या जिल्ह्यात त्या कायद्याखाली काय प्रकारचे गुन्हे दाखल होतात, हे तालुक्याच्या कोर्टाचा एक दिवसाचा बोर्ड वाचला तरी कळते. चेक न वटण्याचे खटले हे संसदेचे अपत्य. १९८८ च्या दुरुस्तीने जन्मले आणि देशभरच्या दंडाधिकाऱ्यांच्या टेबलावर चढून बसले. कायदा दिल्लीचा, पण त्या टेबलाचे, त्यामागच्या खुर्चीचे आणि बाजूच्या कारकुनाचे पैसे मुंबईच्या तिजोरीतून जातात.

शक्ती विधेयकाची गोष्ट अलीकडची आहे. महिला आणि बालकांवरील अत्याचारांसाठीचे हे विधेयक २०२० मध्ये आले, दोन्ही सभागृहांच्या एकवीस सदस्यांच्या संयुक्त समितीकडे गेले आणि डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर झाले. जोडीला विशेष न्यायालयांचे वेगळे विधेयक होते. समितीने काम मनापासून केले. चर्चेचा झोत मात्र शिक्षेवर राहिला, फाशी असावी की नसावी यावर. तपास अमुक दिवसांत आणि खटला तमुक दिवसांत संपवायचा, तर प्रयोगशाळेचा अहवाल किती दिवसांत यायला हवा, सरकारी वकिलामागे खटले किती असावेत, पीडित मुलगी पावरी बोलत असेल तर तिचा जबाब कोण उतरवून घेणार, हे प्रश्न बाजूला पडले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने विधेयक पुढे बारगळले. ते बारगळले नसते, तरी दिवसांच्या त्या मुदती कशाच्या जोरावर पाळल्या गेल्या असत्या, हा प्रश्न उरलाच असता.

भाषेचा मुद्दा इथे जरा थांबून पाहण्यासारखा आहे. महाराष्ट्रातल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी असावी, अशी अधिसूचना २१ जुलै १९९८ रोजी निघाली. योगायोगाने नंदुरबार जिल्ह्याच्या जन्मानंतर तीन आठवड्यांनी. राज्यातल्या बहुसंख्य पक्षकारांसाठी ती मोठी सोय होती. नंदुरबारमध्ये २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. सपाटीवरच्या गावांत अहिराणी आणि गुजरी चालते, डोंगराकडे भिलोरी, पावरी, नवापूरच्या बाजूला मावची. प्रमाण मराठी ही इथल्या पुष्कळ साक्षीदारांची दुसरी किंवा तिसरी भाषा. आरोपीला न कळणाऱ्या भाषेत साक्ष होत असेल, तर ती त्याला भर कोर्टात समजावून सांगितली पाहिजे, असे फौजदारी प्रक्रियेतच लिहिले आहे. समजावणारा कोण, हे कुठेच लिहिलेले नाही. मग कोर्टातला एखादा पट्टेवाला किंवा बाहेर उभा असलेला पोलीस पुढे केला जातो. तो प्रामाणिकपणे सांगतही असेल. पण त्याने काय सांगितले ते रोजनाम्यात येत नाही, आणि अपिलात न्यायमूर्ती वाचतात ते मराठीतून इंग्रजीत गेलेले, त्याआधी भिलोरीतून मराठीत आलेले वाक्य. दुभाष्याचे पद मंजूर करून त्याचे मानधन ठरवणे, ही पूर्णपणे विधिमंडळाच्या हातातली गोष्ट आहे. त्यासाठी कुठल्याही न्यायमूर्तींच्या अधिकाराला धक्का लावावा लागत नाही.

समन्सची बजावणी ही दुसरी अशीच बाब. बेलिफाच्या हातात कागद असतो. त्यावर नाव, बापाचे नाव, पाडा आणि तालुका. अक्राणी तालुक्याच्या डोंगरात एका गावाचे दहा-बारा पाडे असतात, आणि एका पाड्यापासून दुसऱ्याला जायला मधला नाला उतरून पुन्हा चढावे लागते. तो पोचतो तेव्हा घराला कडी. शेजारी सांगतात, ‘गुजरातला गेला, ऊस तोडायला.’ बेलिफ पंचासमक्ष अहवाल लिहितो, कागद नाझराकडे परत जातो, कोर्टात पुकारा होतो, ‘साक्षीदार गैरहजर’, आणि तारीख पडते. दिवाळीनंतर या जिल्ह्यातली कुटुंबेच्या कुटुंबे दक्षिण गुजरातच्या साखर पट्ट्यात उतरतात. होळीला ती परत येतात, कारण सातपुड्यात होळी चुकवायची नसते. काठीची राजवाडी होळी तर दुरून माणसे खेचते. काही पुन्हा जातात आणि कारखान्याचे गाळप संपले की वैशाखात कायमची परततात. म्हणजे साक्षीदार घरी सापडायची खात्रीची वेळ मे महिना. आणि मे महिन्यात दिवाणी कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी.

ही रचना कोणी द्वेषाने केलेली नाही. मुंबईत बसून आखलेले कॅलेंडर आणि नंदुरबारच्या मजुराचे कॅलेंडर यांची कधी गाठच पडली नाही, एवढेच. न्यायाधीशांची संख्या दुप्पट केली तरी ही तारीख पडतच राहील. म्हणून न्यायालयाच्या गरजेचा अभ्यास राज्याच्या सरासरीवर करून भागत नाही. विधि आयोगाने १९८७ च्या १२० व्या अहवालात दर दहा लाख लोकांमागे साडेदहा न्यायाधीश आहेत, ते पन्नास करावेत, असे म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली तो आकडा उचलून धरला आणि पाच वर्षांची मुदत दिली. आजही देशात मंजूर पदे दर दहा लाखांमागे एकवीसच्या आसपास घुटमळतात. हा आकडा महत्त्वाचा आहे, मी तो हलका करू इच्छित नाही. महाराष्ट्राच्या जिल्हा न्यायालयांत पन्नास लाखांहून अधिक प्रकरणे पडून आहेत. पण अक्राणीच्या बेलिफाला जीप द्यायची की नाही, हे तो आकडा सांगत नाही.

अमेरिकेतल्या काही राज्यांनी मोजणीची शिस्त लावून घेतली आहे. फ्लोरिडाच्या संविधानात तरतूदच आहे, की किती न्यायाधीश वाढवावे किंवा कमी करावे लागतील हे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विधिमंडळाला प्रमाणित करून कळवायचे. कॅलिफोर्नियाची न्यायिक परिषद दर दोन वर्षांनी असा अहवाल विधिमंडळापुढे ठेवते. कोणत्या प्रकारच्या खटल्याला किती मिनिटे लागतात याचा हिशेब करून गरज काढली जाते. तिथले आमदार सगळे मान्य करतात असे नाही, नाही म्हणतातही. पण कागद सभागृहात येतो आणि त्यावर तारीख असते. आपल्याकडे संसदेच्या विधि व न्यायविषयक स्थायी समितीने २०२० मध्ये दूरदृश्य सुनावणीवर आणि २०२३ मध्ये न्यायिक प्रक्रियेतील सुधारणांवर अहवाल दिले. न्यायालयांच्या सुट्ट्यांचा विषयही तिने घेतला. म्हणजे कोर्टाबद्दल विचारले की न्यायालयाचा अवमान होतो, ही भीती निदान दिल्लीत तरी कोणी बाळगलेली नाही.

गरज मोजायला अवघड का जाते, याचे उत्तर अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत आहे. न्यायालयाचा पगार आणि कचेरी खर्च मुख्य लेखाशीर्ष २०१४ खाली. कोर्टाची इमारत ४०५९ खाली, सार्वजनिक बांधकामावरच्या भांडवली खर्चात. न्यायाधीशाचे निवासस्थान ४२१६ खाली, गृहनिर्माणात. कैद्याला कोर्टात आणणारे पोलीस २०५५ खाली आणि तो ज्या तुरुंगातून येतो तो २०५६ खाली. एका जामीन अर्जाची सुनावणी का लांबली, याचे कारण यांपैकी कुठल्याही शीर्षात असू शकते. नवी कोर्ट इमारत उभी राहते आणि तिच्यात फर्निचर नसते; फर्निचर येते तेव्हा न्यायाधीशाचे पद रिकामे असते; पद भरते तेव्हा राहायला घर नसते आणि साहेब जिल्ह्याच्या गावाहून ये-जा करतात. प्रत्येक विभागाचा अधिकारी समितीपुढे आपल्यापुरते खरे बोलतो. सगळ्यांना एका टेबलाशी बसवून एकाच कोर्टाबद्दल विचारणारी समिती हवी, ती यासाठी.

अशी समिती नसली की काय होते, तेही पाहायला मिळाले आहे. राज्यातल्या न्यायालयांत पक्षकारांना बसायला जागा नाही, स्वच्छतागृहे नाहीत, इमारतींना निधी नाही, या तक्रारी घेऊन मुंबई ग्राहक पंचायतीला उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. न्यायालयाने सरकारला निर्देश दिले, मुदती घातल्या, अहवाल मागवले. काम पुढे सरकले, याबद्दल आनंदच आहे. पण न्यायालयाने आपल्याच छपरासाठी आपल्याच पुढे खटला चालवायचा आणि सरकारने त्यात प्रतिवादी व्हायचे, यात ज्यांनी पैशाची मंजुरी द्यायची ते लोकप्रतिनिधी कुठेच दिसत नाहीत. अकराव्या वित्त आयोगाच्या पैशातून २००० नंतर देशभर जलदगती न्यायालये निघाली, तेव्हाही तेच झाले. केंद्राचा निधी २०११ च्या मार्चअखेर थांबला आणि कोणती न्यायालये ठेवायची, कोणती मिटवायची, हा प्रश्न एकेका राज्याच्या वित्त विभागाने फाइलवर सोडवला.

अंतराचा प्रश्न मात्र सभागृहाला कळतो, कारण त्यात राजकारण आहे. औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे, खंडपीठ २७ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाले. नारायण शामराव पुराणिक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली ते वैध ठरवले. कोल्हापूरचे सर्किट बेंच वकिलांच्या अनेक वर्षांच्या आंदोलनानंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून चालू झाले. दोन्ही ठिकाणी मोठे शहर, मोठा वकीलवर्ग आणि आमदारांची भक्कम संख्या मागे होती. नंदुरबार जिल्ह्याचे विधानसभेत चार सदस्य आहेत, दोनशे अठ्ठ्याऐंशीपैकी चार, आणि चारही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव. नंदुरबारचा पक्षकार उच्च न्यायालयासाठी धुळे, चाळीसगाव आणि कन्नडचा घाट ओलांडून छत्रपती संभाजीनगरला जातो. त्याला रेल्वेने सुरत त्याहून सोपे पडते, पण न्याय सुरतेत मिळत नाही.

त्याने घाट ओलांडायचा की नाही, हे ठरवणारा एक आकडा कायद्यात आहे आणि तो बदलणे राज्याच्या हातात आहे. मुंबई दिवाणी न्यायालये अधिनियम १८६९ चा. वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या निकालावर पहिले अपील, दाव्याचे मूल्यांकन अमुक रकमेच्या आत असेल तर जिल्हा न्यायालयात आणि त्यावर असेल तर उच्च न्यायालयात, असे तो सांगतो. जमिनीच्या किमती वाढत जातात, आकडा तिथेच राहतो, आणि साध्या शेतकऱ्याचे अपील आपोआप अडीचशे किलोमीटर दूर जाते. आकडा वाढवला की ते पुन्हा नंदुरबारला येते. पण मग नंदुरबारला जिल्हा न्यायाधीश वाढवावे लागतात. एका दुरुस्ती विधेयकातली एक ओळ आणि तिच्यामागची मनुष्यबळाची मागणी या दोन गोष्टी एकाच दिवशी सभागृहापुढे याव्यात, एवढी अपेक्षा फार नाही.

ग्राम न्यायालय अधिनियमाने अंतराचे उलटे उत्तर दिले होते: माणसाने कोर्टाकडे जाण्याऐवजी कोर्टाने माणसाकडे यावे. २००८ चा हा कायदा २ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आला. न्यायाधिकाऱ्याने ठरावीक काळाने गावोगाव जाऊन सुनावणी घ्यावी, त्यासाठी राज्याने वाहन द्यावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पाचव्या अनुसूचीतल्या नंदुरबारसारख्या जिल्ह्यांना तो लागू होण्यात अडचण नाही. स्थापना करायची की नाही हे मात्र राज्यावर सोडले, आणि जिथे राज्यावर सोडले तिथे विचारणारे सभागृह हवेच.

या सगळ्याला एक रास्त आक्षेप आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. आमदारांना कोर्टाच्या कारभारात डोकावू दिले, तर उद्या न्यायाधीशाची बदली, परवा एखाद्या खटल्याची तारीख, अशी बोटे आत शिरतील. ज्यांच्यावर स्वतःचेच खटले चालू आहेत, तेच कोर्टाच्या लघुलेखकाचे पद मंजूर करणार, ही कल्पना अनेकांना रुचणार नाही. भीती खोटी नाही. म्हणून रेषा आधीच आखावी लागेल: न्यायाधीशाचे नाव नाही, खटल्याचा क्रमांक नाही, निकालावर शब्द नाही. माहिती उच्च न्यायालयाच्या महानिबंधकांमार्फत यावी, आणि अनुच्छेद २३५ ने उच्च न्यायालयाला दिलेल्या नियंत्रणाला हात लागू नये. एवढे पथ्य पाळूनही विचारण्यासारखे खूप उरते. सरकारच्या गप्प बसण्याने न्यायालयाचे स्वातंत्र्य वाढते, यावर मात्र माझा विश्वास नाही. पद न भरणे आणि पैसा न देणे हेही कोर्टाला ताब्यात ठेवण्याचे मार्ग आहेत, आणि ते जास्त सोयीचे, कारण त्यांचा गाजावाजा होत नाही.

अशी नवी समिती होईपर्यंत थांबायचेही कारण नाही. विधिमंडळाची अनुसूचित जमाती कल्याण समिती आदिवासी जिल्ह्यांचे दौरे करते. आश्रमशाळा पाहते, बिंदुनामावली तपासते, जिल्हाधिकाऱ्यांना समोर बसवते. कोर्टाची इमारत सहसा त्या दौऱ्याच्या वाटेवर येत नाही. विधि सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या प्रत्येक माणसाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळायला हवा. म्हणजे समितीच्या कार्यकक्षेत न्यायालय आजही येते. पुढच्या दौऱ्यात तिने तीनच कागद मागवावेत. १९७४ च्या अधिनियमाखाली जमीन परत करण्याचे आदेश झाले पण ताबा दिला गेला नाही, अशा प्रकरणांची गाववार यादी जिल्हाधिकाऱ्यांकडून. गेल्या वर्षी दुभाष्याला दिलेल्या मानधनाची पावतीवार रक्कम. आणि कार्तिक ते फाल्गुन या महिन्यांत बजावणी न होता परत आलेल्या समन्सांची संख्या, तालुकावार. तिसरा कागद तयार करायला नाझराला आपले रजिस्टर उघडावे लागेल, आणि एक दुपार पुरेल.